कापलेल्या चार पिना

हैदराबादेतल्या लोकांना माझ्या तोंडापेक्षा माझी पाठ जास्त ओळखीची आहे. सगळी नोकरी कचेऱ्यांमधल्या टेबलांखाली शिरून वायरी जोडण्यात गेली. बाजारात कोणी जुनं माणूस भेटलं तर आधी ओळखतच नाही. मग मी सांगतो, "मी वाघमारे, कॉम्प्युटरवाला." तेव्हा कुठे "अरे हौ, तुम्ही का!" म्हणून हात पुढे येतो. एका कंपनीकडून मी सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांच्या मशीनांची देखभाल करायचो. बायको पाहुण्यांना मला कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणून सांगते, पण डॉक्टर कसला? वायरमन म्हणा.

संपादकांनी फोनवर सांगितलं की दिवाळी अंकात वाचकांना हलकंफुलकं काहीतरी हवं असतं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत माझ्याकडे. त्या आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहून झाल्यावर माझा तो मूड राहणार नाही.

नारायणगुड्याला एक लग्नपत्रिका छापणारे होते. त्यांच्या मॉनिटरवर सगळं पिवळं दिसायचं. नवरदेव पिवळा, गणपती पिवळा. त्यांनी मॉनिटर बदलला, विंडोज पुन्हा टाकून घेतलं, शेवटी वास्तू बघणाऱ्याला बोलावून टेबलाची दिशा बदलली. मी गेलो, मागची निळी केबल काढली, एक पिन आडवी झाली होती ती सुईने सरळ केली आणि परत लावली. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग त्या केबलमधून वेगवेगळ्या तारांनी येतात. निळ्याची तार तुटली की पडदा पिवळा होणारच. मालक म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच. आता टेबल परत फिरवा, उजेड तोंडावर येतोय तुमच्या."

दुसरे मलकपेठचे एक वकील. त्यांनी तीच निळ्या टोकाची केबल तीन वेळा परत पाठवली. म्हणे, पंधरा भोकं आहेत आणि पिना चौदाच, मला डिफेक्टिव माल देता, कोर्टात खेचीन. आता त्यांना कसं समजवायचं, की बहुतेक केबलींमध्ये ती एक पिन मुळातच नसते आणि तिच्यावाचून काही अडतही नाही! शेवटी मी जुन्यातली एक पंधरा पिनांची शोधून दिली. साहेब खूश. पडद्यावर फरक काडीचा नाही.

असल्या गिऱ्हाइकांमुळे मला माझ्या हुशारीचा माज चढला, हे आता कबूल करतो. केबल म्हणजे वाघमारे, असं नाव झालं होतं. त्यात माझी एक खास युक्ती होती. निळ्या टोकानंतर पांढऱ्या टोकाची रुंद केबल आली. तिच्या एका बाजूला एक चपटी पट्टी असते आणि त्या पट्टीभोवती चार बारीक पिना. काही नव्या मशीनांना त्या चार पिनांसाठी भोकंच नसतात, त्यामुळे केबल आत जात नाही. लोक नवी केबल मागवायचे. मी खिशातून नखं कापायचं कटर काढायचो, कट कट करून चार पिना उडवायचो आणि केबल बसवून द्यायचो. दोन्ही टोकं पांढरी असली की चित्र बाकीच्या पिनांमधून येतं, त्या चारांचं काही काम नसतं. बघणारे तोंडात बोट घालायचे. कितीतरी कचेऱ्यांत मी हा खेळ केला.

पण एका टोकाला पांढरी आणि दुसऱ्या टोकाला निळी, अशीही एक केबल असते. ती जुन्या मॉनिटरसाठी. तिच्यात रंग त्या चार पिनांमधूनच येतात. त्या चार कापल्या की हातात नुसता दोरा राहतो. हे मला चांगलं माहीत होतं. एखाद्या शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर त्याला मी दारातून हाकलला असता.

आता ते दिवस सांगतो.

राज्य दुभंगलं त्या वर्षांत कचेऱ्यांची वाटणी चालू होती. माणसांची आणि सामानाचीही. कचेरीत कोणी राज्यांची नावं घेत नसे, "इधर" आणि "उधर" एवढंच बोलायचे. इधर म्हणजे हैदराबाद, उधर म्हणजे विजयवाड्याकडे. आमच्या घरात वाटणी हा शब्द नवा नव्हता. माझ्या वडलांच्या तरुणपणी जुनं हैदराबाद राज्य असंच तुटलं, मराठवाडा तिकडे गेला, आणि नांदेडकडचे आमचे वडील शिपायाच्या नोकरीपायी इकडेच राहिले. सख्खा भाऊ पुढे दोन दोन वर्षं दिसायचा नाही, असं ते सांगायचे. मला ते जुन्या काळचं वाटायचं.

ज्या खात्याचं सांगतोय तिथे वाटणी करणाऱ्या समितीने मोजणी अशी केली: सीपीयू इतके, अर्धे इधर अर्धे उधर. मॉनिटर इतके, अर्धे इधर अर्धे उधर. कोणता मॉनिटर कोणत्या सीपीयूचा, हे कोणी बघितलं नाही. केबलींचं तर नावच नाही, कारण केबलला सरकारी नंबर नसतो. सगळ्या केबली उपसून गोण्यांमध्ये भरल्या. मी स्टोअरकीपर खलीलभाईंना म्हणालो, "भाई, ये क्या करे जी?" ते पान चावत म्हणाले, "वाघमारे साब, जिसका नंबर नै, वो सामानच नै." त्या गोणीत हात घालून केबली उकलत बसणं हेच माझं काम झालं.

त्याच खात्यात सुमनताई पवार होत्या. आमच्यासारख्याच मराठी. त्यांचं घराणं जुन्या हैदराबाद राज्यातल्या शेतकऱ्यांचं, पण दोन पिढ्या शहरातल्या जामबाग मोहल्ल्यात राहिलेलं. टायपिंगच्या परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेल्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, कारण घरी बेबी. बेबी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वय चाळिशीच्या पुढे, पण बुद्धीने पाच वर्षांची. आईवडील गेल्यावर दोघीच होत्या. बेबी रोज सकाळी गल्लीतून चालत फुलवाल्या बायकांजवळ जाऊन बसायची आणि झेंडूच्या देठांचे तुकडे गोळा करायची. त्या बायका तिला चहा पाजायच्या आणि दुपारी घरी आणून सोडायच्या. तेवढीच गल्ली तिला येत होती. दुसऱ्या रस्त्याला लागली की जागेवर उभी राहून रडायची.

म्हणून सुमनताईंना हैदराबाद सोडणं शक्यच नव्हतं. "मी इथली, माझी बहीण इथली, मला कोण पाठवतंय?" असं त्या म्हणायच्या, आणि खरंच होतं ते. तरी प्रत्येकाने पसंतीचा अर्ज भरायचा होता, इधर की उधर. तो कचेरीच्या आतल्या नेटवर्कवरच उघडायचा, बाहेरून नाही. आणि एकदा भरला की बदल नाही.

निम्म्या लोकांना तो अर्ज भरता येत नव्हता. सुमनताई आठवडाभर सगळ्यांचे अर्ज भरत बसल्या. दहा वेळा कोणी ना कोणी "अक्का, माझा जरा," म्हणून यायचं आणि त्या हातातला डबा बाजूला ठेवायच्या. स्वतःचा अर्ज राहिला शेवटच्या दिवशी. आणि त्याच दिवशी सकाळी त्यांचं मशीन वाटणीत निघालं. बाकी सगळी मशीनं खोक्यांत बंद, वर चिकटपट्टी. त्यांच्या टेबलावर एक नवा सीपीयू आणि एक जुना मॉनिटर आणून ठेवला. सीपीयूला पांढरं तोंड, तेही चार भोकं नसलेलं. मॉनिटरला निळं. हे लग्न जुळणारच नव्हतं. त्यांच्या मधे सिग्नल बदलून देणारी एक छोटी डबी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

दुपारचे साडेतीन झाले होते. अर्ज पाचला बंद होणार. मी कोठी बाजारातल्या दुकानदारांना फोन लावले. एक म्हणाला उद्या देतो, दुसरा म्हणाला परवा. गोणीत हात घातला तर एक पांढरी-निळी केबल मिळाली. सुमनताई बाजूला उभ्या. म्हणाल्या, "होईल ना रे?" मी म्हटलं, "ताई, वाघमारे आहे इथे."

केबल आत जाईना. माझा हात आपोआप खिशात गेला. कट, कट, कट, कट. केबल बसली. मॉनिटर चालू केला. काळा. "नो सिग्नल" एवढी पाटी फिरली आणि विझली.

दोन मिनिटं मी मॉनिटरच्या मागे बघत राहिलो. मग लक्षात आलं, रंगांच्याच चार पिना मी उडवल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक जुना सीपीयू पडला होता, चार भोकांचं पांढरं तोंड असलेला. तीच केबल न कापता त्याला लावली असती तर दहा मिनिटांत पडदा उजळला असता. आता तशी दुसरी केबल नव्हती. गोणी उपडी करून बघितली, नव्हतीच.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. ताई, मी चुकलो, साहेबांना सांगा, मुदत मागा. सुमनताई स्वतःच म्हणाल्या, "राहू दे रे. नाही भरला तर सिनिऑरिटीने ठरवतील. मी इथलीच आहे."

पण मला ते सहन होईना. माझ्या हातून एक मॉनिटर चालू होत नाही म्हणजे काय? मी म्हटलं, "ताई, मशीन चालू आहे, ऐका पंखा. नुसतं चित्र नाही. तुम्ही इतक्यांचे अर्ज भरलेत, तुम्हाला पाठ आहे की. डोळे मिटून भरा."

त्या हसल्या. टायपिंगच्या परीक्षेला कीबोर्डावर फडकं टाकायचे म्हणे, न बघता टाइप करायला. बसल्या. मशीन चालू झाल्यावर कुठे काय उघडतं, नंबर कुठे, पासवर्ड कुठे, सगळं बोटांना माहीत. मग टॅब, टॅब, टॅब. मग पसंतीचा रकाना. खालचा बाण एकदा दाबला की इधर, दोनदा दाबला की उधर. त्यांनी एकदा दाबला आणि थांबल्या.

मी म्हटलं, "लागला का? जुना कीबोर्ड आहे, हे बटण अडकतं. आणखी एकदा दाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा दाबला. मग एंटर. पुन्हा एंटर.

पाचला दहा मिनिटं होती. कँटीनमधून चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली त्यांनी. मी माझा रिपोर्ट भरला, कारण तक्रार दुसऱ्या दिवसावर गेली की आमचा सुपरवायझर कंपनीत सगळ्यांसमोर उभं करायचा. लिहिलं, "केबल बदलली. सिस्टिम ओके." सुमनताईंनी न वाचता सही केली. आपला माणूस, वाचायचं काय!

दुसऱ्या दिवशी मी ती डबी आणून लावली. पडदा उजळला. अर्ज मिळाला, एवढंच दिसलं. त्यात इधर लागलं की उधर, ते दिसत नव्हतं. आम्ही दोघंही हुश्श म्हणालो.

यादी लागली तेव्हा त्यांचं नाव उधर. तिकडे जायला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे स्वतःहून मागणाऱ्याला कोण अडवणार? त्यांचा मला फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. "वाघमारे, अपील करायचंय. ते म्हणतात, त्या दिवशी पडदा बंद होता असं टेक्निशियनचं लेखी आणा. एवढं लिहून दे रे बाबा. बेबीला घेऊन मी कुठे जाऊ?"

मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "तू सिस्टिम ओके लिहिलंयस, सही घेतलीयस. आता बंद होती म्हणून लिहिलंस तर त्याचा अर्थ तू खोटा रिपोर्ट दिलास. त्या दिवशीच घरी जायचं, पुन्हा यायचं नाही." माझी मुलगी तेव्हा बारावीला, मुलगा दहावीला.

मी सुमनताईंना सांगितलं, "कंपनीला विचारून कळवतो." आणि कळवलं नाही. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. त्या कचेरीचं काम मी दुसऱ्याच्या गळ्यात मारलं आणि त्याचं सिकंदराबाद मी घेतलं. अपील फेटाळलं गेलं. त्यांच्याच सहीचा "सिस्टिम ओके" त्यांच्या अपिलाला लावलेला होता. जामबागेतलं घर कुलूप लावून त्या बेबीला घेऊन गेल्या.

तिथे त्या कचेरीला निघाल्या की बेबीला सांभाळायला एक बाई ठेवली होती. तीन-चार महिन्यांनी एक दिवस ती बाई वाण्याकडे गेली आणि बेबी दार उघडून निघाली. फुलं शोधायला निघाली असणार, दुसरं काय! हायवेवर गेली. पुढचं मला लिहवत नाही. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आम्ही बौद्ध. रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या ओळीला माझे नुसते ओठ हलायचे. बायकोला कळलं, तिने विचारलं, मी घसा बसलाय म्हणालो. म्हणजे तेही खोटंच.

माझ्या निवृत्तीच्या चहाला खलीलभाई आले होते, काठी टेकत. बोलता बोलता म्हणाले, "वो पवार मॅडम का अपील मेरे सामने चला था साब. पूछे उन्को, अंधेरे में फारम भरने को कौन बोला? नाम बोलो, उसको पकड़ते. 'कोई नै बोला, मैं खुद करी' बोले उनो. तीन बार पूछे. तीनों बार वोइच बोले." मी चहाचा पेला टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मी कापलेल्या पिना त्यांनी बघितल्या होत्या. मी पुन्हा दाबा म्हणालो, तेही त्यांना आठवत असणार. माझं नाव घेतलं असतं तर अपील मंजूर झालंही असतं. माझ्या कागदाचीही गरज पडली नसती.

सुमनताईही निवृत्त होऊन जामबागेत परत आल्यात, हे मला माहीत होतं. मलकपेठेतल्या माझ्या घराहून जामबाग किती लांब? तरी जायला मला पाच महिने लागले. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दार त्यांनीच उघडलं. केस सगळे पांढरे. "ये, वाघमारे, बस," म्हणाल्या, जणू कालच भेटलो होतो. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, पिनांचं, बाणाचं, रिपोर्टचं, फोन न उचलल्याचं. त्या गॅसवर चहा ठेवत ऐकत होत्या. मी विचारलं, "ताई, माझं नाव का नाही घेतलं?"

"तुझी दोन लेकरं शिकत होती रे," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी गेली असती तर चौघांचं काय झालं असतं? आम्ही दोघीच. म्हटलं, आम्ही घेऊ निभावून."

चहा गाळून त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"नाही निभावलं," त्या म्हणाल्या.

मी तो चहा प्यायलो.